गडग्यालगतचं ते हिरवं

शिमग्याच्या सुमारास आमच्या सड्यावर दोनच गोष्टी हिरव्या असतात. एक आमची आंब्याची कलमं आणि दुसरं गडग्यालगतचं ते. 'ते' म्हणते, कारण त्याला आमच्याकडे नावच नाही. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, छप्पर शाकारायला ते चालत नाही, देवाला वाहता येत नाही आणि बाजारात कोणी घेत नाही. असल्या वस्तूचं बारसं करायला कोकणात वेळ कोणाला आहे? माझी भाची कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. तिने एकदा त्याची काडी उपटून बोटांत फिरवली आणि म्हणाली, "आत्या, हे गवत नव्हेच गो. काडी बघ, तीन धारांची आहे. लव्हाळ्याच्या कुळातलं आहे हे." तेव्हापासून पाहुण्यांसमोर आम्ही त्याला लव्हाळा म्हणतो आणि घरात 'ते हिरवं'.

पाली गावाच्या वरच्या अंगाला हा आमचा सडा. सडा म्हणजे उघडा कातळ आणि त्यावर नावापुरती माती. माझ्या सासऱ्यांनी त्या कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, खालच्या मळ्यातून माती डोक्यावरून वाहून आणून ते भरले आणि त्यांत कलमं लावली. बागेभोवती जांभ्या दगडांचा गडगा घातला, चुना नाही की सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड, जेमतेम गुडघ्याच्या वर. गडग्याबाहेर मोकळं गवताळ रान. पावसाळ्यात तिथे तेरडा आणि सीतेची आसवं फुलतात. तेव्हा शहरातली निसर्गप्रेमी माणसं गाड्या घेऊन येतात आणि फुलांवर लोळून फुलांचे फोटो काढतात. दिवाळीनंतर सगळं गवत वाळून कडकडीत झालं की निसर्गावरचं प्रेमही वाळतं.

मग वणव्यांचे दिवस येतात. कोणाची विडी पडते, कोणाला वाटतं जाळलं की पुढच्या साली गवत जोरात येतं. कोणी लावला ते कधीही कळत नाही, कारण सगळी वाडी त्या दिवशी नेमकी रत्नागिरीला गेलेली असते. वणवा सुटला की त्याच्या तोंडी फक्त आमची बाग. पण दरसाल तो गडग्यापर्यंत यायचा आणि तिथेच फुसफुसून विझायचा.

याचं श्रेय राखणदाराला. बागेच्या कोपऱ्यात त्याचा दगड आहे. तो जागेचा मालक, आपण नुसती कुळं. वणव्याचे दिवस लागण्याआधी आमचे यजमान अनवाणी उभे राहून त्याला नारळ देतात आणि गाऱ्हाणं घालतात. प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी "व्हय महाराजा" म्हणायचं असतं. मी जन्मभर शाळेत शिकवलं, त्यामुळे माझं "व्हय महाराजा" हजेरीतल्या "हजर बाई"सारखं निघायचं. यजमान गाऱ्हाण्यातूनच वळून डोळे वटारायचे. देवाची चेष्टा करते म्हणायचे. मी देवाची नव्हते करत, पण हे त्यांना कोण सांगणार?

तर मोठं श्रेय राखणदाराला आणि उरलेलं सासऱ्यांच्या गडग्याला. सड्यावरचं पाणी गडग्याच्या पायथ्याशी पावसाळा सरल्यावरही झिरपत राहायचं आणि त्या ओलीवर गडग्याला लगटून बाहेरच्या अंगाने ते हिरवं गच्च माजलेलं असायचं. त्याला कोणी विचारलंसुद्धा नाही. सासरे तेवढे म्हणायचे, "त्याला हात लावायचा नाही." का, ते त्यांनी सांगितलं नाही. कारणं देत बसणं हा त्यांच्या मते नोकरदारांचा उद्योग होता.

नोकरदार म्हणजे आमचे यजमान. बँकेतून निवृत्त झाले आणि घरी येऊन मोबाइलवर शेती शिकले. त्या व्हिडिओंत इस्त्रीचा सदरा घातलेला एक गृहस्थ अशा बागेत हिंडत असतो, की खाली एक पान नाही, एक काडी नाही. बाग कसली, लग्नाचा हॉल! "बघ, याला म्हणतात बाग," हे मला दाखवायचे. मी म्हणायचे, "अहो, पंगत कधी बसणार ते तेवढं विचारून घ्या."

त्यातच आम्ही पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या. पहिलेच पाहुणे पुण्याचे. आमचा हापूस खाल्ला, आमची सोलकढी प्यायले, मग गडग्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तेवढं ते वाढलेलं गवत काढून टाका हो. साप असतील त्यात. जरा क्लीन लुक येईल." यजमानांना इतकी वर्षं मी जे जे सांगितलं त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरलं नव्हतं. क्लीन लुक मात्र एका दमात शिरला.

पुढची दिवाळी झाल्याबरोबर तणनाशक आलं, पाठीवरचा पंप आला, तोंडाला फडकं बांधून स्वारी निघाली. मी म्हटलं, "मामंजी नको म्हणायचे." तर म्हणाले, "बाबांच्या वेळी तणनाशक होतं कुठे?" झालं, वाद संपला! थोड्याच दिवसांत ते हिरवं पिवळं पडलं, मग तपकिरी. ते कापून उचलावं, तर नाही. मेलेलं तण आपोआप कुजतं असं व्हिडिओतल्या इस्त्रीवाल्याने सांगितलं होतं. कातळावर, उन्हात, कुजणार! ते गडग्याला टेकून जागच्या जागी वाळलं, चुलीला घालायला हवं तसं.

त्या साली नारळ दिला, गाऱ्हाणं झालं, मी "हजर बाई" म्हटलं आणि पुढे वणवाही ठरल्यासारखा आला. आम्ही नेहमीप्रमाणे पडवीतून बघत होतो. यजमान म्हणाले, "येईल गडग्यापर्यंत आणि विझेल." तो गडग्यापर्यंत आला. वाळलेल्या लव्हाळ्याने असा पेट घेतला की ज्वाळा गडग्याच्या वर गेल्या आणि वाऱ्याने आत बागेत पडल्या. मग आम्ही धावलो. वाडीतली माणसंही धावली, ओले टहाळे तोडून सगळ्यांनी आग झोडपली. आतली बाग वाचली. गडग्यालगतची कलमांची पूर्ण रांग गेली. सासऱ्यांनी सड्यावर सगळ्यात आधी लावलेली तीच रांग. कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या होत्या, त्या फांद्यांवर भाजून काळ्या लोंबत होत्या.

सगळे गेल्यावर यजमान गडग्यावर बसले. हाताला फोड आले होते, भुवया जळल्या होत्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "अगं, बोल ना काहीतरी."

माझ्यापाशी काय कमी होतं बोलायला! इस्त्रीवाला होता, क्लीन लुक होता, लग्नाचा हॉल होता. जिभेवर आयतं सगळं होतं आणि मला एक शब्द काढवेना. मला त्यांची फार दया आली. त्या मातीची टोपली डोक्यावर घेऊन हा माणूस लहानपणी आपल्या बापामागून चढलेला आहे, हे मला ठाऊक होतं. मी त्यांच्या हातांना खोबरेल लावलं आणि आम्ही घरात आलो.

पाऊस पडून जमीन भिजल्यावर मी माहेरी गेले, संगमेश्वराकडे. तिथल्या आमच्या सड्याच्या उतारावर तेच हिरवं माजलेलं आहे. भावाला म्हटलं, मुळांसकट उपटून दे. त्याने कपाळाला हात लावला. "ताई, माहेरून लोक पापड नेतात, कुळथाचं पीठ नेतात. तू तण नेतेस? लोक काय म्हणतील गो?" मी म्हटलं, "तू पोतं घट्ट बांध." एस.टी.त कंडक्टरने विचारलं, पोत्यात काय आहे? म्हटलं, आहेर.

यजमानांनी पोतं सोडलं, आत बघितलं आणि फावडं घेऊन गडग्याकडे चालू लागले. भर पावसात डोक्यावर इरलं घेऊन दोघांनी ते तण एकेक ठोंब करून लावलं. पुढे ऑक्टोबरात पुण्याचे पाहुणे परत आले, म्हणाले, "हे परत आलं वाटतं?" यजमान म्हणाले, "आलं नाही. आणलंय. माझ्या सासुरवाडीचं आहे."

वणव्याचे दिवस जवळ आले तेव्हा ते अजून विरळ होतं, मधे मधे कातळ दिसत होता. वणवा थांबेल की नाही, कोणास ठाऊक. नारळ द्यायला आम्ही दोघंच होतो. त्यांनी फोडला. नेहमी त्यातलं पाणी दगडावर घालतात, तसं थोडं घातलं आणि उरलेलं गडग्याबाहेर वाकून त्या हिरव्याच्या मुळाशी ओतलं. मग गाऱ्हाणं सुरू केलं. "बा राखणदारा महाराजा, ह्या कलमांना सांभाळ..." आणि तिथेच अडकले. "आणि ह्याला पण सांभाळ. आम्हांला कळलं नव्हतं."

मी हात जोडले आणि मोठ्याने म्हटलं, "व्हय महाराजा."

ह्या खेपेला त्यांनी वळून डोळे वटारले नाहीत.