बिनतोंडाचा डबा

समस्त पुणेकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, 'आपण विकत घेतलेली वस्तू दुसऱ्याला वापरायला देण्याचा मानवी हक्क' या विषयावर एकहाती लढणारा भूतलावरचा शेवटचा योद्धा मुकुंदनगरात, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि तो माझा सख्खा साडू आहे. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. मात्र त्यांच्यासमोर 'डाउनलोड' हा शब्द उच्चारू नये. त्यांच्या स्वतःच्या जावयाने तो एकदा दिवाळीच्या फराळाला उच्चारला होता. त्या बिचाऱ्याला अर्धी चकली हातात धरून पाऊण तास उभं राहावं लागलं, कारण साडू बोलत असताना चावणं हा अपमान समजला जातो.

साडू वजनमाप खात्यातून निवृत्त झाले. उभा जन्म दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेला. निवृत्तीनंतर माणसं हास्यक्लबात जातात, बागेत वांगी लावतात. यांच्या नशिबात वेगळंच होतं. मुलगी लग्न होऊन बेंगळुरूला गेली आणि तिच्या खोलीत तिचा जुना कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा डबा, मागे राहिला. साडूंनी तो आधी धूळ पुसायला उचलला, मग चालतो का बघायला जोडला आणि तिसऱ्या दिवशी मेहुणीबाईंनी जेवायला हाक मारली तर आतून उत्तर आलं, "ड्रॅगन मेल्यावर येतो." वरण दोनदा गरम झालं. ड्रॅगन काही मेला नाही.

या माणसाने आजवर एकही कोरा गेम विकत घेतलेला नाही. "नवा गेम म्हणजे बिनचौकशीचं स्थळ," असं ते म्हणतात. वापरलेल्या तबकडीला, म्हणजे गेमच्या डिस्कला, पूर्वेतिहास असतो, तिने चार घरचं पाणी प्यायलेलं असतं. ती विकत घेण्याआधी ते दुकानाबाहेर उन्हात येतात, दोन बोटांत कडेने धरतात, एक डोळा मिटतात आणि निकाल देतात. ओरखडा चालतो. चरा असेल तर भाव उतरतो. खोक पडली असेल तर विकणाऱ्याच्या संस्कारांवर दोन शब्द. घरी आल्यावर जुन्या पंच्याच्या मऊ तुकड्याने तिला आतून बाहेर असं पुसायचं, गोल गोल नाही. मी एकदा गोल पुसली, तर मेव्हण्यांसमोर माझा उल्लेख 'आपले हे भांडीघाशे' असा झाला.

पण साडूंची खरी कीर्ती रविवारच्या अदलाबदलीमुळे. दर रविवारी सकाळी साडेनऊ ते अकरा त्यांच्या हॉलमध्ये मंडळी जमत, आठवडाभर खेळलेली तबकडी परत करत आणि दुसरी नेत. नियम कडक होते. तबकडी स्वतः आणून द्यायची, कुणाच्या हाती पाठवायची नाही. पोहे खाल्ल्याशिवाय जायचं नाही. आणि प्रत्येक डबीत साडूंनी एक चिठ्ठी ठेवलेली असे, तिच्यावर खेळून झाल्यावर पुढच्यासाठी चार शब्द लिहायचे. या चिठ्ठ्या म्हणजे स्वतंत्र वाङ्मय होतं. साडूंचं अक्षर पहिलं: "तिसऱ्या दारामागे राक्षस आहे. नंतर सांगितलं नाही म्हणू नये." त्याखाली हडपसरचे बियाणेवाले: "पुलापाशी लई मारत्यात. दमानं घ्या." आणि त्याखाली निवृत्त गणिताच्या बाई, वय वर्षं अडुसष्ट, मोटारींच्या शर्यतीत आजतागायत अपराजित: "सोपे आहे. ज्यांना जमत नाही त्यांनी मूलभूत गोष्टींकडे लक्ष द्यावे."

मंडळीतला चौथा हिंजवडीचा अभियंता. मूळचा लातूरकडचा, अठ्ठावीस वर्षांचा. तो शनिवारी रात्री कितीही काम असलं तरी रविवारी दुचाकीवरून अख्खं पुणे ओलांडून सर्वांत आधी बेल वाजवायचा आणि आल्या क्षणापासून साडूंशी भांडायला सुरुवात करायचा. मी पाचवा. मला खेळता येत नाही. मी पोह्यांसाठी जात असे आणि भांडणासाठी बसत असे.

अशात एक दिवस बातमी आली की नवा कन्सोल येतोय आणि त्याला तबकडी घालायची फटच नाही. गेम थेट इंटरनेटवरून उतरवायचा, तो तुमच्या खात्याला कायमचा चिकटणार, म्हणजे दुसऱ्याला देणं नाही, विकणं नाही. बदल्यात काय, तर या डब्यावर सिनेमे, गाणी, मालिका आणि हवामानाचा अंदाज दिसणार. साडूंनी तातडीची सभा बोलावली. अध्यक्ष, सूचक, अनुमोदक आणि मुख्य वक्ते ते स्वतःच.

"उद्या हे लोक छत्रीसुद्धा खात्याला चिकटवतील," ते गरजले. "शेजारी पावसात भिजेल आणि आपण म्हणायचं, माफ करा हो, ही माझ्या नावावर उघडते!"

"काका, पण काळ बदललाय," अभियंता म्हणाला. "घरबसल्या सगळं मिळतं. डबी नको, ओरखडे नकोत, कुणाच्या घरी जायची कटकट नको. मी तर पहिल्या दिवशी घेणार."

"घ्या ना. आपण अवश्य घ्या. आणि त्यावर हवामान बघा. आम्ही खिडकी उघडून बघू."

"साहेब, पर कुस्त्या दिसतील का हो त्याच्यावर?" बियाणेवाल्यांनी विचारलं.

"फितुरी!" साडू ओरडले. "गेम खेळायच्या यंत्रावर कुस्त्या बघणं म्हणजे पाट्यावर इस्त्री करणं आहे!"

"विधान तपासून घ्या," बाई पोह्यांतला शेंगदाणा बाजूला करत म्हणाल्या. "पाटा सपाट असतो. तापवला तर होईल."

ठराव एकमताने फेटाळला गेला की मंजूर झाला हे शेवटपर्यंत कळलं नाही, कारण मेहुणीबाई चहा घेऊन आल्या आणि सभा बरखास्त झाली.

आता दैवाचा खेळ बघा. साडूंच्या पासष्टाव्या वाढदिवसाला बेंगळुरूहून मुलीने खोकं पाठवलं. आत तोच डबा. साडूंनी तो उजवीकडून पाहिला, डावीकडून पाहिला, उलटा केला, हलवला आणि खोल आवाजात म्हणाले, "याला तोंडच नाही. हा जेवणार कशाने?" लेकीची भेट परत करवेना आणि तत्त्व सोडवेना. तो पेच मेहुणीबाईंनी सोडवला. त्यांनी डबा परस्पर टीव्हीला जोडला आणि त्यावर पाककृती बघायला सुरुवात केली. चार दिवस त्या घरात रणभेरीच्या जागी फोडणी ऐकू येत होती.

"अगं, गेमच्या डब्यावर ढोकळा?" साडू कळवळले.

"तुमचा तो ड्रॅगन सहा वर्षं मेला नाही," मेहुणीबाई म्हणाल्या. "माझा ढोकळा वीस मिनिटांत फुगला."

हळूहळू साडूही त्यावर खेळू लागले, चोरून, शेजाऱ्याच्या नळाचं पाणी भरावं तसे. पण मग खरी अडचण उभी राहिली. नवे गेम तबकडीवर येईनात. जुन्या तबकड्या तर मंडळींनी दोन-दोनदा खेळून संपवलेल्या. एका रविवारी बियाणेवाले आले नाहीत. पुढच्या रविवारी बाईंचा निरोप आला, "नेण्यासारखे काही असल्यास कळवावे." त्यानंतरच्या रविवारी साडेनऊला फक्त मी होतो आणि सहा माणसांचे पोहे होते. दहा वाजता साडू गॅलरीत जाऊन खाली दुचाकी दिसते का बघून आले. सव्वादहाला पुन्हा गेले. मग माझ्याशेजारी बसले आणि एरवी लाउडस्पीकर लाजावा असा तो माणूस अगदी हळू बोलला. "तुम्हाला वाटतं मी त्या प्लॅस्टिकच्या चकत्यांसाठी भांडतो. अहो, निवृत्त माणसाचे तीन जिने कोण चढतं? देवाणघेवाण होती म्हणून चढत होते. ती संपली की आमची बेल फक्त दूधवाला वाजवणार." त्या दिवशी मी पोहे तीनदा घेतले. तेवढंच माझ्या हातात होतं.

पुढच्या शुक्रवारी त्यांचा फोन आला. आवाज पूर्ववत झाला होता, म्हणजे मी फोन हातभर लांब धरला. "सापडलं! गेम देता येत नाही ना? मी डबाच देतो!"

आणि खरोखर त्यांनी तो अख्खा कन्सोल, दोन्ही रिमोट आणि वायरींच्या भेंडोळ्यासकट, मुलीच्या लग्नातल्या बस्त्याच्या जाड पिशवीत घालून, तोंडाला सुतळीची गाठ मारून मंडळीत फिरवायला काढला. आठ दिवस एकाकडे, रविवारी स्वतः आणून द्यायचा, मग पुढच्याकडे. मंडळी धावत आली. अभियंताही आला. "माझा अजून आलेला नाही, वाट बघतोय," असं म्हणून त्याने आपलं नाव तिसऱ्या नंबरला लावलं. साडूंनी त्याला 'घरबसल्या मिळालं नाही वाटतं?' असं विचारून घेतलं, त्याशिवाय त्यांना पोहे गेले नसते.

पण साडू वजनमापवाले असले तरी त्यांच्याकडून एक माप चुकलं. त्यांचं खातं त्यांनी त्या डब्यात उघडंच ठेवलं होतं, म्हणजे कुणी काहीही बघितलं की त्याची नोंद त्यांच्या नावावर होई. पहिल्या रविवारी डबा हडपसरहून परत आला, साडूंनी सर्वांसमक्ष टीव्हीला जोडला आणि पडद्यावर झळकलं, 'आपण पाहिलेले'. कुस्त्या होत्या, ट्रॅक्टर होते आणि त्यांच्याखाली थायलंडच्या समुद्रकिनाऱ्याचे एकवीस व्हिडिओ.

"हे माझं न्हाई," बियाणेवाले लालबुंद झाले. "आमची मंडळी दुपारची बघत व्हती जनू. मला कदी बोलली न्हाई."

"मग आता तुम्ही बोला," मेहुणीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्या महिन्यात बियाणेवाल्यांनी बायकोला गणपतीपुळ्याला नेलं. समुद्र तोच, असं त्यांचं म्हणणं.

दुसऱ्या रविवारी बाईंकडून डबा आला. बाई घरी फक्त विज्ञानविषयक माहितीपट बघतात अशी पुण्यात तीस वर्षांची ख्याती. पडद्यावर खून. खालच्या ओळीत खून. त्याखाली विषप्रयोग, आणि एक खून तर अर्ध्यावर थांबलेला. "त्यात वेळेचं गणित असतं," बाई शांतपणे म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा पोहे मागितले.

साडू आता संपूर्ण बाटले. ज्या माणसाने सिनेमे दाखवणाऱ्या डब्याविरुद्ध सभा भरवली, तो आता रविवारची वाट त्या यादीसाठी बघू लागला. "चार वर्षांत चिठ्ठीवर कुणी बायकोच्या मनातलं लिहिलं होतं का?" ते मलाच दटावून विचारत, जणू विरोध माझा होता. यादीवाचन हा कार्यक्रमच झाला. चष्मा पुसणं, घसा साफ करणं, "गेल्या आठवड्याचा वृत्तांत सादर करतो" अशी प्रस्तावना. मंडळी हसून हसून कोचावर कलंडत आणि मेहुणीबाई उलथनं घेऊन दारात उभ्या राहून ऐकत.

तिसरा रविवार अभियंत्याचा. सगळ्यांची उत्सुकता शिगेला पोचलेली, कारण नव्या काळाचा हा पुरस्कर्ता एकटा असताना काय बघतो, हे राष्ट्रीय महत्त्वाचं होतं. तो वेळेच्या आधी, सव्वानऊलाच आला. पिशवी खाली ठेवली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला. साडूंनी सुतळी सोडली, डबा जोडला, घसा साफ केला, चष्मा चढवला आणि लगेच काढला. पुन्हा चष्मा पुसला.

"बाईंचा खून जिथं थांबला होता तिथंच आहे," ते म्हणाले.

पुढे काहीच नव्हतं. ना सिनेमा, ना गाणं, ना पाच मिनिटांचा गेम. साडू वळले. आयुष्यभर खोट्या वजनांवर जो आवाज चढवला, तोच चढला. "आठ दिवस घरात ठेवलात आणि बटणसुद्धा दाबलं नाहीत? एवढा कमीपणा वाटला आमच्या डब्याचा? लागत नव्हता तर नेलात कशाला? बोला की आता! एरवी तर थांबत नाही!"

बियाणेवाले पोह्यांच्या बशीत बघत राहिले. बाईंनी साडूंना हाताने थांबवायचा प्रयत्न केला. मेहुणीबाई उलथनं खाली करून बाहेर आल्या. हिंजवडीतल्या कुठल्याशा अकराव्या मजल्यावर, तीन माणसं तीन खोल्यांत तीन दारं लावून बसलेल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या त्या पोराने वर पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. इतकी वर्षं साडूंना प्रत्येक वाक्याला उत्तर देणारा तो एकदम फुटल्यासारखा ओरडला:

"अहो काका, माझा कन्सोल येऊन दोन महिने झाले! पण नुसतं बोलायला आलोय म्हणून बेल कशी वाजवायची?"