तनी आणि रवा डोसा

वेदवल्लीच्या कानाची परीक्षा घ्यायची टाप मयिलापुरात कुणाची नव्हती. गवयानं नुसता आ केला, की राग कुठला ते हिनं सांगून टाकलेलं असायचं. शेजारचे बिचारे अजून चष्माच पुसत असायचे. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात नोकरी केली, तिथंही पलीकडच्याचा ‘हॅलो’ कुठल्या स्वरावर लागला ते ती शेजारणीला सांगायची. अशी बाई डिसेंबरातल्या मार्गळी महिन्यात, ऐन गाण्याच्या मोसमात, घरी सापडायची कशी? महिनाभर दाराला कुलूप, आणि बाई गाण्याच्या सभागृहात, तिसऱ्या रांगेत, अगदी कडेच्या खुर्चीत.

आता ही कडेची खुर्ची काही गाण्यासाठी नव्हती. ती कँटीनसाठी होती. मैफल रंगात आली की गवई थांबतो आणि मृदंगवाला एकटा वाजवतो, त्याला तनी म्हणतात. तनी सुरू झाली रे झाली, की अर्धं सभागृह उठून कॉफी प्यायला जातं. चांगले जाणते लोक हो, सूर केसभर हलला तर नाक मुरडणारे, पण मृदंग एकटा पडला की सगळ्यांना बोंडा आठवतो. आणि या मिरवणुकीच्या पुढे वेदवल्ली. ती उठली की शेजारच्या खुर्चीतला सेतुरामन उठायचा, मग त्याची बायको, मग अख्खी रांग.

चारुमती ही तिची नात, आजीला ‘पाटी’ म्हणणारी. बाकीच्या पोरांना आज्या राजाराणीच्या गोष्टी सांगतात, वेदवल्लीनं हिला मैफली सांगितल्या. तिच्या वह्याच होत्या तशा. बाराव्या वर्षापासून ऐकलेली प्रत्येक मैफल त्यांत लिहिलेली: तारीख, गवई, राग, काय जमलं, काय फसलं. चारूची आवडती गोष्ट होती ती तंबोऱ्याची. भर मैफलीत तंबोऱ्याची तार तुटली, गवई कावराबावरा झाला, आणि तीनशे माणसांनी तोंडानं षड्ज धरून ठेवला, नवी तार चढेपर्यंत. त्या तीनशेत वेदवल्ली होती, पंधरा वर्षांची. हे सांगताना अजूनही ती तो षड्ज लावून दाखवायची.

गोष्टी ऐकून पोर गाणं शिकेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती शिकली मृदंग. आत्यांनी तोंडं वाकडी केली, मुलीच्या जातीला शोभतं का म्हणाल्या. वेदवल्लीनं एकेकीला गप्प केलं आणि स्वतः गुरूच्या दारात जाऊन बसली. एकोणिसाव्या वर्षी चारूला मार्गळीतली पहिली मैफल मिळाली, सव्वीस तारीख, दुपारी सव्वाचार.

चार दिवस आधी चारू जुन्या वह्या काढून बसली. मोठमोठ्या मृदंगवाल्यांनी कुणाच्या साथीला काय वाजवलं होतं, ते तिला बघायचं होतं. एक वही झाली, दुसरी झाली, पाचवी झाली. मग ती वही घेऊन स्वयंपाकघरात आली आणि आजीसमोर वाचू लागली. “तनी: रवा डोसा, बरा होता. तनी: बोंडा, तेल जुनं. तनी: कॉफी पातळ.”

वेदवल्लीला आधी हसू आलं. मग पोरीचा चेहरा बघून ते जागच्या जागी विरलं.

“पाटी,” चारू म्हणाली, “बासष्ट वर्षांत तू एकही तनी ऐकली नाहीस. मी वाजवेन तेव्हा तू कुठं असशील?”

वेदवल्लीनं वही हातात घेऊन पानं उलटली, सगळीकडे तेच. आपल्याला संगीतातलं सगळं कळतं या तोऱ्यात जन्म गेला, आणि घरातल्या पोरीनं चुलीपाशी उभं राहून तो उतरवला. लाज वाटली तिला, खरीखुरी लाज. शेवटी तिनं शब्द दिला, की मी जागची हलणार नाही.

सव्वीस तारखेला गाणं छान झालं. गवईण तरुण होती, गळा मोकळा होता. मग तिनं ओळ सोडली, चारूकडे वळून मान हलवली, आणि मृदंग एकटा बोलू लागला. आणि काय सांगावं, वेदवल्लीचे पाय आपोआप चपलेत गेले. बासष्ट वर्षांचं वळण ते. ती उठून उभी राहिली, दोन पावलं चाललीसुद्धा. मागे खुर्च्या खडखडल्या, रांग उठली. तिनं सहज मान वळवली तर चारू मंचावरून तिच्याकडेच बघत होती. हात वाजवत होते, पण चेहरा पांढराफटक पडला होता.

वेदवल्ली गर्रकन वळली आणि रांगेच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. उंची पावणेपाच फूट, पण वाट बंद.

“अक्का, सरका की,” सेतुरामन कुजबुजला. “बोंडे संपतील.”

“उद्या तळतील,” वेदवल्ली म्हणाली. “खाली बस. आणि हात रिकामे ठेवू नकोस, ताल धर.”

तिनं स्वतः हात उचलला आणि उभ्या उभ्या ताल द्यायला लागली, आठ मात्रा, ठसठशीत. सेतुरामन बसला. त्याची बायको बसली. बाईंचं काहीतरी बिनसलंय असं वाटून दारापर्यंत गेलेले चारजण मागे आले, आणि बघतात तर तिसरी रांग मांडीवर ताल देतेय. मग चौथी देऊ लागली, मग पहिली. चारूच्या चेहऱ्यावर रंग आला. पोरगी सुटलीच मग. आठ मात्रांत तिनं काय काय कोंबलं, मोडलं, पुन्हा जुळवलं, आणि दर वेळी समेवर तीनशे तळहात तिच्याबरोबर पडले. गिऱ्हाईक का येत नाही म्हणून कँटीनचा आचारी मणी झारा हातात घेऊन दारात आला, आणि तिथंच ताल देत उभा राहिला. शेवटच्या समेला टाळ्यांनी सभागृह दणाणलं. वेदवल्ली तेव्हाही उभीच होती, आणि खुशाल रडत होती.

मैफल संपल्यावर चारूनं तिचं बोट धरून तिला कँटीनमध्ये नेलं. कॉफीचा पेला हातात आला तशी वेदवल्ली म्हणाली, “माझे अप्पा मला अस्संच बोट धरून आणायचे. तनी लागली की. त्यांचा निम्मा पेला माझा असायचा.” हे तिनं वहीत कधी लिहिलं नव्हतं, कुणाला सांगितलंही नव्हतं. चारूनं आपल्या पेल्यातली निम्मी कॉफी आजीच्या पेल्यात ओतली.

मग वेदवल्लीनं पिशवीतून वही काढली आणि लिहिलं. तनी: चारुमती. एकोणीस मिनिटं. पूर्ण ऐकली.