काळ्या गाभ्याचं मुसळ

पोशेऱ्याचा बुधा मुसळ करायचा ते टेंभुर्णीच्या काळ्या गाभ्याचंच. पण संस्थान विलीन झालं, रान सरकारी झालं, अन् विडीच्या कोवळ्या पानांपायी ठेकेदार टेंभुर्णी दरसाल छाटू लागले. झाड म्हातारं होईना, गाभा काळा होईना. लेकीला लग्नात द्यायच्या मुसळासाठी बुधा वणवण फिरला. जे खोड तोडावं ते आत पांढरंच. शेवटी चिडून त्यानं ऐनाचं मुसळ केलं अन् हिरड्याच्या काढ्यात गंजलं लोखंड घालून काळं रंगवलं. मांडवात वाहवा झाली, पण त्याच्या जिवाला चैन पडेना. तो खोडाळ्याला लेकीकडे गेला. मुसळ दारात उभं होतं, कोरंच्या कोरं.

"कांडत नाहीस?"

"तांदूळ काळा होतो, बा," माघी हळूच म्हणाली. "शेजारणीच्या मुसळानं कांडते. तुझं लोकांनी बघावं म्हणून ठेवलंय."