लुगडं नेसून केलेली चाचणी

मी लघवीच्या नळ्या बनवते. हे वाक्य आता मी कुठेही, अगदी लग्नाच्या पंगतीतही, बिनदिक्कत म्हणते. पूर्वी ‘मेडिकल डिझाइन’ म्हणून वेळ मारून न्यायचे. कारखाना ठाणे-बेलापूर रस्त्यावर आणि भाड्याची खोली तळवलीत. घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायच्या. मी त्यांना मावशी म्हणायचे, त्या मला पोरी म्हणायच्या आणि जिन्यात चपला काढल्या की खालूनच ओरडायच्या.

मावशी धवलारीण. आगरी लग्नातले विधी धवलारीण गाऊन पार पाडते. तिने एक ओळ म्हणायची, भोवतीच्या बायांनी ती झेलायची, असं तासन्‌तास. पण कमरेच्या ऑपरेशननंतर मावशींची लघवी आपसूक होईनाशी झाली होती. दर चार तासांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं, तेही पलंगावर आडवं होऊन, आरसा धरून, सुनेला हाताशी घेऊन. दोन वर्षं त्या एकाही मांडवात गेल्या नव्हत्या, आणि कारण घराबाहेर कोणालाच सांगितलेलं नव्हतं. आता सख्ख्या भाचीची हळद सहा महिन्यांवर आली होती.

“माझे भाचीचे हलदीला दुसरी गानार,” त्या मला म्हणाल्या, “आनि मी घरान बसून आयकाचा का गो?”

नेमकी तेव्हाच आमची बायकांसाठीची नवी नळी तयार झाली होती. काय नळी होती! टोक गोल, बाजूच्या भोकांच्या कडा उष्णता देऊन इतक्या गुळगुळीत केलेल्या की सूक्ष्मदर्शकाखाली बघताना मी टाळ्या वाजवल्या होत्या. कारण नळी टोचते ती बहुतेक वेळा त्या भोकाच्या कडेनेच. वरून असा थर, की पाण्याने भिजला की बुळबुळीत व्हावा. टेबलावरच्या प्लास्टिकच्या पुतळ्यात, ट्यूबलाइटच्या झगझगाटात, ती सुर्रकन जायची. या नळीच्या रुग्णालयातल्या चाचणीत मावशींनी रीतसर नाव दिलं होतं. मला मात्र दम कुठला? एक नमुना घेऊन मी त्यांना मिरवायला गेले आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

मावशींनी ती भिजवली, दोन बोटांत धरली, आणि ती निसटून थेट फरशीवर पडली.

“ही बाप्यानी बनवली का गो?”

“मी बनवली, मावशी.”

“मंग तू सोता घालून बघलीस का?”

मी तणतणत वर गेले. यांना काय कळतंय, मानकं असतात, आराखडे असतात, वर्षभर खपलेय मी! राग खरं तर एवढ्याचाच होता, की उत्तर ‘नाही’ होतं.

आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही. शनिवारी रुग्णालयात जाऊन तिथल्या सिस्टरना म्हटलं, मला शिकवा. आधी त्या हसल्या, मग माझा चेहरा बघून त्यांनी हातमोजे चढवले. घालायची मात्र मी मलाच. शरीरात सहज जावी म्हणून जी बुळबुळ आम्ही आणली होती, तीच बोटांतून निसटत होती. बोटंही शरीराचीच असतात हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दोन नळ्या वाया गेल्या, तिसरी आत गेली. आणि दुखलं नाही! “सिस्टर, दुखलं नाही हो!” मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरच्या बाकावरच्या बायका दाराकडे बघायला लागल्या.

धावत येऊन मावशींना सांगितलं. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “सलवार घालून केलीस ना? मना लुगडा असतो.” पुढच्याच शनिवारी सिस्टरना विचारून नवी पाकिटं आणली. मावशींनी आपलं नऊवारी मला नेसवलं, काष्टा कचकचून खोचला आणि मांडवात आरसा नसतो म्हणून तोही काढून घेऊन न्हाणीत ढकललं.

माझ्या नाकी नऊ आले. काष्टा सोडला तर निऱ्या सुटल्या, निऱ्या दातांत धरल्या तर पदर बादलीत. एक हात लुगड्याला आणि पाकीट मात्र दोन हातांनी फाडायचं! पाच मिनिटांनी मी बाहेर आले ती निम्मी भिजलेली, पाकीट बंदच. मावशी भिंतीला धरून हसल्या. मग मीही हसले, कारण मला आता सगळं कळलं होतं.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, “पुढची चाचणी लुगडं नेसून.” कारखान्यातल्या आमच्या सरांनी कपाळाला हात लावला. पण माझ्यापुढे कोण टिकणार! नळी निम्म्याने आखूड केली. पकडायच्या जागी कोरडी, खरखरीत बाही चढवली. पाकिटाला बोटात अडकवायची कडी आणि अंगठ्याने उडणारं झाकण. प्रत्येक नमुना मी लुगडं नेसून तपासला. शेवटी शेवटी मला काष्टा इतका पटकन जमायला लागला की मावशींनाच नवल वाटलं.

नव्या नमुन्याच्या तपासण्या पुन्हा झाल्या, चाचणीत ती वापरायच्या परवानगीचं पत्र आलं ते हळदीच्या आठ दिवस आधी. त्या दिवसापासून मावशी रोज सिस्टरच्या नजरेखाली सराव करत होत्या. उभ्याने, बिनआरशाने, बोटाच्या अंदाजाने. शेवटचे तीन दिवस त्यांना एकदाही मदत लागली नाही.

हळदीला मी सकाळपासून मांडवात होते. मावशींचा आवाज सुरुवातीला जरा घोगरा लागला, मग असा मोकळा झाला की माझ्या अंगावर काटा आला. तीन-साडेतीन तासांनी त्यांनी एक ओळ दिली आणि उठल्या. सून उठू लागली, तिला खांद्यावर हात ठेवून परत बसवलं. नळी पडली तर? लुगडं ओलं झालं तर, एवढ्या भरल्या मांडवात? बाया तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होत्या आणि मी मोजत होते. अकराव्या खेपेला मावशी आल्या. लुगडं कोरडं, काष्टा जागच्या जागी. बसल्या आणि वरच्या पट्टीत पुढची ओळ दिली.

शेजारची बाई माझ्या कानाशी कुजबुजली, “दोन वर्सा माजान येत नव्हती ही, सगली बोल्तान. आली बघ शेवटी.”

माज कसला, सगळं सांगून टाकावं, असं ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, आणि न येणाऱ्या बोलीत, बेसूर, सगळ्यांपेक्षा मोठ्याने मावशींची ओळ झेलली.