दुसऱ्या पाळीच्या बातम्या

रसिक या जातीबद्दल माझं मत फार वाईट आहे. ते ऐकीव नाही, कारण मी त्याच जातीतला आहे.

वाळूजच्या एका कारखान्यात मी फिटर होतो. घरची काही मेंढरं विकून वडिलांनी मला आयटीआयला घातलं होतं आणि मी करमाडहून उठून शहरात खोली घेऊन राहू लागलो होतो. दुसरी पाळी रात्री बाराला सुटायची. कंपनीची बस फाटकाबाहेर पडली की प्रेसशॉपमधला एक हंगामी कामगार ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या झाकणावर बसायचा, जेवणाच्या डब्याचं झाकण कागदासारखं समोर धरायचा आणि घसा खाकरून बातम्या सुरू करायचा. पाचोडकडचा हा माणूस दिवसभर 'व्हय' आणि 'नाय' यांच्यावर भागवायचा. पण झाकण हातात आलं की रेडिओवरच्या बाईंसारखा बोलायचा, श्वास घ्यायच्या जागांसकट. 'कॅन्टीनच्या वरणात डाळ आढळल्याने खळबळ उडाली आहे. ती चुकून पडल्याचा खुलासा आचाऱ्याने केला आहे.' आम्ही सीटचे दांडे बडवायचो.

दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाला नवं नाव द्यावं की नाही यावरून गावोगाव माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती. शहरात त्यामानाने सभ्यता होती, म्हणजे लोक विद्यापीठाचं नावच घेत नसत. नुसतं 'विद्यापीठ' म्हणायचे आणि शेजारी कोण बसलंय ते बघायचे. एका रात्री त्याने वाचलं, 'बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तसं शहरातले पुरुष विद्यापीठाचं घेत नाहीत, असं आमचा वार्ताहर कळवतो. त्यांच्यासाठी लवकरच उखाण्याची सोय करण्यात येत आहे.' बस नगर नाक्यापर्यंत हसत होती.

दुसऱ्या दिवशी पाळीआधी फाटकासमोरच्या चहाच्या गाड्यावर समीक्षा भरली. ती रोजच भरायची. तिचे अध्यक्ष आमचे स्टोअरकीपर. खिशाला दोन पेनं, तोंडात 'उपहास' आणि 'उपरोध' यांतला फरक. हसून झालेला विनोद ते दुसऱ्या दिवशी सोलून, बिया काढून आमच्या हातात द्यायचे. त्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं की हा माणूस स्वतः बौद्ध असून त्यांच्याच लोकांच्या नावाच्या हट्टाची खेचतो, हे खरं धाडस. मी मान डोलावली. मग वेल्डरने मला दुसऱ्या बाजूला घेतलं. तो बातम्यावाल्याच्याच समाजातला, मोर्च्यांत पुढे असणारा. त्याचं म्हणणं, नाव घ्यायला ज्यांची जीभ जड होते त्यांना याने बरोबर उघडं पाडलं. तिथेही मी मान डोलावली. एकाच विनोदावर दोघं खूश, आणि दोघांनाही वाटत होतं की फटका पलीकडच्याला बसला. माझं स्वतःचं रसग्रहण आणखी सोपं होतं. आम्हा धनगरांवर त्याने अजून एकही बातमी दिली नव्हती, म्हणून तो मला थोर वाटत होता.

त्याच सुमारास तो कायम होणार असं बोललं जाऊ लागलं. हंगामी माणसाला काही महिन्यांनी कंपनी ब्रेक द्यायची, म्हणजे घरी बसवायची आणि मर्जी झाली तर परत बोलवायची. त्याचे असे तीन ब्रेक झाले होते. या वेळी यादीत त्याचं नाव होतं. बायकोला आणि दोन मुलींना पाचोडहून आणायला त्याने बजाजनगरात एक खोलीही बघून ठेवली होती.

तेवढ्यात फलकावर नोटीस लागली, की हंगामी कामगारांना यापुढे प्रशिक्षणार्थी म्हणावं. त्या रात्री झाकण वर झालं.

'कारखान्यातील हंगामी कामगारांचं आजपासून प्रशिक्षणार्थी असं नामांतर करण्यात आलं आहे. कामात आणि पगारात बदल नाही. या नामांतराविरुद्ध कोणीही रस्त्यावर उतरलेलं नाही. कुठेही घर जाळल्याचं वृत्त नाही.'

पहिल्या दोन वाक्यांना मागच्या सीटपासून हशा आला. तिसऱ्याला तो विरळ झाला. चौथ्यानंतर फक्त इंजिन ऐकू येत होतं.

कुणीतरी तक्रार केली की कंपनीच्या गाडीत हा जातीजातींत भांडणं लावतो. साहेब तसा बरा होता. त्याने बातम्यावाल्याला बोलावून सांगितलं, बसमधली दोन माणसं आण, थट्टा होती असं म्हणू देत, विषय संपला. दुपारी बातम्यावाला चहाच्या गाड्यावर आमच्याकडे आला.

"दोघं पायजेत. नुसतं सांगायचं, बातम्या व्हत्या म्हणून."

स्टोअरकीपरांनी बशी खाली ठेवली. "विनोद समजावून सांगितला की मरतो, बाबा," ते म्हणाले. वर्षभर रोज हेच करून पगार घेणारा माणूस हे बोलला, आणि एकाही पेनाने त्यांच्या खिशात जीव दिला नाही.

वेल्डर जमिनीकडे बघत म्हणाला, "भाऊ, माझं बी नाव यादीत हाय. मी आलो तर साहेब म्हणंल, एकाच वस्तीतले, ठरवून आले."

मग सगळे माझ्याकडे बघू लागले. मी कायम होतो, कुठल्या बाजूचाही नव्हतो. साक्षीदार म्हणून माझ्यासारखा माणूस शोधून सापडला नसता.

"त्या रात्री मला झोप लागली होती," मी म्हणालो.

त्या रात्री मी पहिल्याच सीटवर होतो. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता.

"व्हय," तो म्हणाला. "लई थकला व्हतास तू."

त्याने आपल्या चहाचे पैसे दिले आणि तो आत गेला. पुढे चौकशी झाली, तेव्हा बसमधल्या झाडून सगळ्यांना त्या रात्री गाढ झोप लागल्याचं निष्पन्न झालं. ड्रायव्हर तेवढा जागा होता म्हणायचं, तर त्याला इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नव्हतं. यादी लागली. त्याला चौथा ब्रेक मिळाला आणि नंतर बोलावणं आलं नाही.

समीक्षा मात्र भरतच राहिली. स्टोअरकीपरांचं मत पडलं की शेवटी शेवटी तो घसरला होता, विनोदात राग यायला लागला होता. कायम झालेला वेल्डर म्हणाला, पहिल्या बातम्या भारी व्हत्या. मी उखाण्याच्या बाजूने जोरात भांडलो. त्याचं सर्वोत्तम काम तेच, असं मी दोन चहांपर्यंत सिद्ध करत होतो. वाद इतका रंगला की भोंगा झाला तरी कुणी उठेना. तो पाचोडला परत गेला की आणखी कुठे, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि कुणी विचारलंही नाही.