जावेला दिलेली बाटली

दुबईहून आलेल्या नणंदेने मला परफ्यूमची बाटली दिली तेव्हा मी मनगटावर एकदाच मारून बघितला आणि नाक मुरडलं. लवंग, मिरी, दालचिनी. आम्ही लालबागला राहतो. उन्हाळ्यात मसाला कुटायला सुरुवात झाली की अख्खी गल्ली शिंकत असते. तोच वास अंगाला कोण लावून घेणार? बाटली मी माटुंग्याच्या थोरल्या जावेला देऊन टाकली.

दिवाळीनंतर गिरगावात एक साखरपुडा होता. जाऊ माटुंग्याहून टॅक्सीने आली आणि तिने आम्हाला वाटेत घेतलं. मी तिच्या शेजारी बसले, नवरा पुढे. तिच्या साडीतून एक उबदार, किंचित गोडसर वास येत होता. मला तो ओळखूही आला नाही.

नवऱ्याने मागे वळून विचारलं, "वहिनी, परफ्यूम कुठला लावलात? भारी आहे."

"अरे, तुझ्याच बायकोने दिलाय. तिला नाही आवडला."

लग्न झाल्यापासून मी काय काय लावलं, पण त्याची मान कधी वळली नव्हती. मी काच खाली केली. हॉलमध्येही बायका तिला विचारत होत्या आणि ती दरवेळी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगत होती, "आमच्या धाकटीने दिला." तिच्या त्या कौतुकाने मी जास्तच जळले.

पुढच्या आठवड्यात तिचा डबा परत द्यायच्या निमित्ताने माटुंग्याला गेले. ती चहा टाकायला आत गेली तशी मी आरशासमोरची बाटली उचलून दोन्ही मनगटांवर परफ्यूम मारला. वळले तर ती दारातच उभी होती.

"घेऊन जा की. अर्धी उरलीय."

"नको वहिनी, सहज बघत होते."

परतताना बसमध्ये तो वास नुसता मसालाच वाटत होता. संध्याकाळी मेथी निवडताना मात्र टॅक्सीतला तोच वास माझ्या हाताला यायला लागला. भाजी बाजूला ठेवून मी मनगट नाकाशी धरून बसले.

नवरा आला. बूट काढता काढता म्हणाला, "वहिनी येऊन गेल्या का?"

"नाही. मीच आहे."

तो हसला. मला हसू आलं नाही.

नणंदेला फोन करून मी तशीच आणखी एक बाटली मागवली. आता थंडीत रोज लावते. फक्त जाऊ येणार असेल त्या कार्यक्रमाला लावत नाही. शेजारी उभं राहिल्यावर कुणाचा वास जास्त छान येतो, ते मला कळायला नको आहे.