सुनंदाचा पहिला शनी

बायांनो, आज पालेगावच्या शाळेत माझ्या लेकीचं, सुनंदाचं भाषण होतं. ती ग्रहताऱ्यांची चित्रं काढते. शास्त्रज्ञ आकडे देतात, ही त्यावरून तिथलं आभाळ रंगवते. मी पहिल्या रांगेत, नवी साडी नेसून.

एका पोरीने विचारलं, "मॅडम, तुमचं पहिलं चित्र कुठाय?"

"शनीचं होतं. घर बदलताना हरवलं," सुनंदा म्हणाली.

शेजारची बाई माझ्याकडे वळली. "आजी, तुम्ही किती साथ दिली असेल ना!"

मी मान हलवली. निर्लज्जासारखी.

आम्ही घर बदललंच नव्हतं. शहाऐंशी साली नववीतल्या सुनंदाने कॅलेंडरच्या पाठीवर शनी काढला, जुन्या टूथब्रशने चांदण्या उडवल्या आणि भिंतीला लावला. त्याच आठवड्यात एमआयडीसीत ह्यांचा हात मशीनमध्ये सापडला. मी शनी उतरवला आणि तिच्यासमोर बंबात घातला. दर शनिवारी देवळात त्यालाच तेल घालत होते मी! पोरगी रडली नाही. वर्षभर ब्रशला हात मात्र लावला नाही.

येताना रिक्षात विचारलं, "खोटं कशाला बोललीस?"

"आई, ती मुलं घरी जाऊन आयांना चित्रं दाखवणार. मुलांना आधीच कशाला घाबरवू?"

एरवी माझं तोंड बंद होत नाही. तिथे उठून खरं सांगायला मात्र उघडलं नाही. म्हणून इथे सांगते, चित्र हरवलं नाही. मी जाळलं.

तुमच्या पोरांनी भिंतीला काय लावलंय? आणि तुम्ही काय म्हणालात?